विज्ञानकथेच्या भक्तांचीं दप्तरें

(१) विषयप्रवेश

कोणत्याहि वाङ्मयाचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे ग्रंथकाराविषयींचीं साधनें मिळतात, प्रकाशकाचीं क्वचित् मिळतात. वाचकाचें साधन मात्र बहुधा मिळत नाहीं. ग्रंथ कोणी वाचला, वाचून त्याला काय वाटलें, त्यानें तो दुसऱ्या कोणास दिला, ह्या प्रश्नांपाशीं इतिहासकाराची लेखणी थांबते. आपल्याकडील पोथ्यांच्या शेवटीं नकल करणारानें घातलेली मिती, गांव व नांव, आणि समासांत कोणी केलेली एखादी खूण, एवढाच काय तो वाचकाचा माग. ह्याला एक ठळक अपवाद विसाव्या शतकांतील इंग्रजी विज्ञानकथेचा आहे. ह्या कथांच्या भक्तांनीं, म्हणजे ज्यांना तिकडे 'फॅन' म्हणतात त्यांनीं, १९३० सालापासून स्वतःचें एक स्वतंत्र दप्तर निर्माण केलें. त्यांत पत्रें आहेत, सभांचे वृत्तांत आहेत, भांडणें आहेत, आणि तें सर्व बहुतेक तारीखवार आहे.

प्रस्तुत लेखांत ह्या दप्तराची उत्पत्ति, त्याचें स्वरूप, त्यावरून तपासतां येणारे कांहीं वाद आणि त्याची पुढें झालेली अवस्था ह्यांचा विचार करावयाचा आहे. विषय परदेशीय आहे, व वरवर पाहतां पोरवयाचाहि वाटेल. परंतु जुने कागद गोळा करून जपणाऱ्या मंडळींस त्यांत आपल्याच व्यवसायाचें प्रतिबिंब दिसल्यावांचून राहणार नाहीं.

(२) उत्पत्ति: छापलेला पत्ता

ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबर्गचा. जन्म १८८४ चा. १९०४ सालीं तो अमेरिकेंत गेला व विजेच्या आणि बिनतारी यंत्रांच्या सामानाच्या व्यापाराबरोबर मासिकेंहि काढूं लागला. एप्रिल १९२६ मध्यें त्यानें न्यू यॉर्क येथें 'अमेझिंग स्टोरीज' हें मासिक सुरू केलें. केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें इंग्रजी भाषेंतील हें पहिलें मासिक होय. आरंभीच्या अंकांत ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स व एडगर ॲलन पो ह्यांच्या जुन्या कथांच्या पुनर्मुद्रणाचाच भरणा मुख्यत्वें होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें कथांपेक्षां महत्त्वाचें आहे तें मासिकाच्या शेवटच्या पानांवरील वाचकांच्या पत्रव्यवहाराचें सदर. ह्या सदरांत पत्रलेखकाच्या नांवाखालीं त्याचा संपूर्ण टपालपत्ता छापीत असत.

एवढ्या लहान गोष्टीचा परिणाम फार मोठा झाला. एखाद्या दूरच्या गांवांतील मुलास ह्या कथांचें वेड असे. घरचीं माणसें व शाळेंतले सोबती त्याला हंसत असत. आतां त्यास दुसऱ्या गांवच्या आपल्यासारख्याच वेड्याचा पत्ता मिळाला. तो संपादकास न लिहितां थेट त्यासच लिहूं लागला. पोथीच्या शेवटीं मालकाचें नांव व गांव सांपडलें म्हणजे संशोधक जसा त्या गांवचा रस्ता धरतो, तसाच हा प्रकार झाला. पत्रांतून ओळखी, ओळखींतून मंडळें, आणि मंडळांतून स्वतःचीं नियतकालिकें, असा हा क्रम आहे.

न्यू यॉर्क येथील 'सायन्सियर्स' हें मंडळ डिसेंबर १९२९ मध्यें स्थापन झालें. त्याचा पहिला अध्यक्ष वॉरन फिट्झजेरल्ड हा कृष्णवर्णीय गृहस्थ असून मंडळाच्या सभा हार्लेम भागांतील त्याच्या घरीं भरत, असें त्याच मंडळाचा सभासद ॲलन ग्लासर ह्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. अमेरिकेंत वर्णभेद रूढ असतांच्या काळांत तरुण पोरांच्या मंडळाची ही रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आणि ग्लासरनें ती दोन ओळींत नोंदली नसती तर ती आज कोणाच्या खिसगणतींतहि नसती.

खुद्द गर्न्सबॅकचें दिवाळें १९२९ सालीं निघालें व 'अमेझिंग स्टोरीज' त्याच्या हातांतून गेलें. त्यानें नवीं मासिकें काढलीं, आणि १९३४ सालीं 'वंडर स्टोरीज' ह्या मासिकाच्या आश्रयानें 'सायन्स फिक्शन लीग' नांवाचा संघ उभारला. शाखा उघडण्याची सोय असल्यामुळें गांवोगांवचे एकटे भक्त एका नांवाखालीं आले. इंग्लंडांतील लीड्स येथें निघालेल्या शाखेचा उल्लेख पुढें येईल.

(३) कागदांचें स्वरूप

मे १९३० मध्यें 'सायन्स कॉरस्पॉन्डन्स क्लब' ह्या पत्रव्यवहारी मंडळानें 'दि कॉमेट' हें पत्र काढलें. संपादक रेमंड पामर. त्याच वर्षीं जुलैंत 'सायन्सियर्स' मंडळाचें 'दि प्लॅनेट' निघालें. जानेवारी १९३२ मध्यें 'दि टाइम ट्रॅव्हलर' आलें. ह्यांपैकीं पहिलेपणाचा मान सामान्यतः 'दि कॉमेट'ला देतात. परंतु त्यांत कथांपेक्षां विज्ञानाचीच चर्चा अधिक असल्यामुळें कांहीं जाणते हा मान 'दि टाइम ट्रॅव्हलर'कडे वळवितात. वाद तारखेचा नसून व्याख्येचा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याची तीव्रता कमी होते. ह्या पत्रांना सर्रास वापरलें जाणारें 'फॅनझीन' हें नांव मात्र पुष्कळ मागाहूनचें. तें रसेल शॉव्हने ह्यानें ऑक्टोबर १९४० मध्यें आपल्या पत्रांत प्रथम वापरलें. सबब, एखाद्या कागदावर १९३५ ची तारीख असून मजकुरांत 'फॅनझीन' हा शब्द आढळला, तर संग्राहकानें त्या कागदाकडे संशयानें पाहावें.

हीं पत्रें सर्वच छापखान्यांत छापलेलीं नव्हतीं. पुष्कळशीं 'हेक्टोग्राफ'वर काढलेलीं असत. पसरट थाळ्यांत जिलेटिनचा थर ओतून तो घट्ट झाला म्हणजे विशिष्ट जांभळ्या शाईनें लिहिलेला मूळ कागद त्यावर दाबावयाचा. शाई थरांत उतरली कीं एकामागून एक कोरे कागद दाबून नकला उठवावयाच्या. पन्नासाच्या सुमारास नकला निघाल्या कीं अक्षर पुसट होऊं लागे. ज्यांची ऐपत बरी ते मेणकागदावर टंकलेखन करून सायक्लोस्टाईलवर ह्याहून अधिक नकला काढीत. कागद लांकडाच्या लगद्याचा व स्वस्त. त्यांतील आम्लामुळें तो पिवळा पडून ठिसूळ होतो. जांभळी शाई उजेडानें उडते. आपल्या हातकागदाच्या पोथ्या तीन-तीनशें वर्षें निभावल्या. हे कागद एका मनुष्याच्या आयुष्यांतच मोडूं लागले. मूळ नकलाच थोड्या, त्यांत कागद असा. म्हणून ह्या वस्तूंची दुर्मिळता त्यांच्या वयावरून मोजूं नये.

अशा कागदाचें मोल किती असूं शकतें ह्याचें एक उदाहरण देतों. क्लीव्हलँड शहरांतील जेरी सीगल ह्या विद्यार्थ्यानें ऑक्टोबर १९३२ पासून 'सायन्स फिक्शन' नांवाचें पत्र काढलें. त्याच्या जानेवारी १९३३ च्या तिसऱ्या अंकांत 'दि रेन ऑफ दि सुपरमॅन' ही कथा आहे. चित्रें सीगलचा मित्र जो शुस्टर ह्याचीं. कथेवर लेखक म्हणून हर्बर्ट एस. फाइन असें नांव आहे, पण तें सीगलचेंच टोपणनांव. ह्या कथेंतील सुपरमॅन हा दुष्ट आहे. पुढें तेंच नांव ह्या दोघांनीं एका परोपकारी वीरास दिलें, आणि जून १९३८ ही तारीख घातलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांतून तो वीर जगापुढें आला. ह्या प्रसिद्ध कल्पनेचा पहिला खर्डा पाहावयाचा तर शाळकरी पोरांच्या सायक्लोस्टाईल अंकाशिवाय गत्यंतर नाहीं.

दुसरें उदाहरण चार्ल्स हॉर्निग ह्याचें. त्यानें सप्टेंबर १९३३ पासून 'दि फँटसी फॅन' हें पत्र काढलें. फेब्रुवारी १९३५ पर्यंत त्याचे अठरा अंक निघाले. त्या पत्रावरून गर्न्सबॅकनें त्याला 'वंडर स्टोरीज'चा संपादक नेमलें, त्या वेळीं त्याचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. वाचक व संपादक ह्यांमधील भिंत किती पातळ होती हें ह्यावरून कळतें.

१९३७ सालीं डोनाल्ड वोलहाइम ह्यानें 'फँटसी ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन' ही संस्था काढली. तिची पद्धत अशी कीं, प्रत्येक सभासदानें आपल्या पत्राच्या ठराविक नकला काढून एका अधिकाऱ्याकडे पाठवाव्या, व त्यानें सर्वांचे एकेक अंक एकत्र बांधून तो गठ्ठा प्रत्येकास रवाना करावा. संशोधकाच्या दृष्टीनें ही पद्धत म्हणजे पर्वणीच होय. ज्या अंकावर तारीख नाहीं त्याची तारीख त्याच गठ्ठ्यांतील शेजाऱ्यांवरून ठरवितां येते. पण गठ्ठा सोडून अंक सुटे विकले कीं हा पुरावा नष्ट होतो. बासनांतील पोथ्यांचा क्रम मोडूं नये, असें जुने संशोधक कां बजावीत, तें येथेंहि प्रत्ययास येतें.

(४) पहिलें संमेलन कोणतें?

ऑक्टोबर १९३६ मध्यें न्यू यॉर्कचे कांहीं भक्त फिलाडेल्फियास गेले व तेथील मंडळींस मिल्टन रॉथमन ह्याच्या घरीं भेटले. ह्या भेटीस त्यांनीं 'संमेलन' असें नांव दिलें. ३ जानेवारी १९३७ रोजीं लीड्स येथें त्या शाखेनें थिऑसॉफिकल हॉलमध्यें संमेलन भरविलें. हजर मंडळी चौदाच्या आसपास. त्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क होता, जो पुढें ह्या वाङ्मयाचा एक अग्रणी झाला. अमेरिकन म्हणतात पहिला मान आमचा. इंग्रज म्हणतात आमचा.

तारखांविषयीं वादच नाहीं. अमेरिकन भेट आधींची हें उघड आहे. परंतु एका गृहस्थाच्या घरीं झालेली भेट आणि आगाऊ जाहीर करून, सभागृह घेऊन, कार्यक्रम आंखून भरविलेली सभा, ह्या दोन भिन्न वस्तु होत. आमच्या मतें भेटीचें प्राथम्य फिलाडेल्फियास व संमेलनाचें प्राथम्य लीड्सला द्यावें.

(५) १९३९ चा बहिष्कार व त्याचे बखरकार

पहिलें जागतिक म्हणविलेलें संमेलन न्यू यॉर्क येथें २ ते ४ जुलै १९३९ ह्या दिवशीं कॅराव्हॅन हॉलमध्यें भरलें. सुमारें दोनशें लोक जमले होते. सन्माननीय पाहुणा म्हणून फ्रँक पॉल ह्या चित्रकारास बोलाविलें होतें. 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट दाखविला गेला. लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हीं दोघें भविष्यकाळचा पोषाख करून आलीं होतीं. तो पोषाख डग्लसबाईनें शिवलेला असून त्यावर १९३६ च्या 'थिंग्ज टु कम' ह्या बोलपटाची छाप होती. अशा संमेलनांतून वेष धारण करण्याची जी प्रथा पुढें जगभर पसरली, तिचें मूळ येथें सांपडतें.

परंतु इतिहासांत हें संमेलन गाजलें तें निराळ्याच कारणानें. संयोजक सॅम मॉस्कोविट्झ व त्याचे सहकारी हा एक पक्ष. 'फ्युचुरियन्स' हा दुसरा. दुसऱ्या पक्षाचे वोलहाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, रॉबर्ट लाउंड्स, जॉन मिशेल व जॅक गिलेस्पी ह्या सहा जणांस दारांतूनच परत लावलें. निमित्त झालें तें संयोजकांच्या हुकूमशाहीविरुद्ध इशारा देणाऱ्या एका पिंवळ्या पत्रकाचें. त्याचा गठ्ठा सभागृहांत सांपडला होता. तें पत्रक डेव्हिड काइल ह्यानें लिहिलेलें. बाहेर ठेविलेल्या सहांपैकीं तें कोणाचेंच नव्हतें. आणि गंमत ही कीं काइल स्वतः सभेंत आरामांत बसलेला होता. आयझॅक असिमॉव्ह हा त्याच पक्षाचा. त्यासहि कोणी अडविलें नाहीं.

ह्या प्रकरणाची विस्तृत हकीकत मॉस्कोविट्झनेंच 'दि इम्मॉर्टल स्टॉर्म' ह्या ग्रंथांत लिहिली. ती १९४५ पासून एका फॅनझीनमधून क्रमशः आली व १९५४ सालीं ग्रंथरूप झाली. म्हणजे वादी, न्यायाधीश व बखरकार एकच! तथापि बखर म्हणून तिला फेंकून देतां येत नाहीं. मॉस्कोविट्झजवळ समकालीन अंकांचा मोठा सांठा होता व त्यानें तो बारकाईनें वापरला आहे. घटनांचा क्रम व तारखा ह्यांसाठीं त्याच्यावर विसंबावें, हेतु व दोष ह्यांविषयीं विसंबूं नये. डेमन नाइट ह्याचा 'दि फ्युचुरियन्स' हा ग्रंथ १९७७ चा, व पोलचें आत्मवृत्त १९७८ चें. दोन्ही चाळीस वर्षांनंतरचीं. ह्यांत पोलची साक्ष विशेष मोलाची, कारण बाहेर ठेविलेल्यांपैकीं असूनहि तो आपल्या पक्षाच्या खोडकरपणाचा दोष पदरीं घेतो. स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष अधिक ग्राह्य, हा नियम येथेंहि लागू पडतो. १९६९ सालीं 'ऑल अवर यस्टरडेज' हा इतिहास लिहिणारा हॅरी वॉर्नर मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथें राहून मुख्यतः पत्रांच्या व अंकांच्या द्वारें ह्या जगाशीं संबंध ठेवणारा गृहस्थ होता. तो कोणत्याच पक्षाचा नसल्यामुळें त्याचा स्वर समतोल आहे.

(६) पत्रांची मोजदाद

८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेच्या एन. बी. सी. ह्या दूरचित्रवाणी कंपनीनें 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू केली. पुढच्याच वर्षीं सप्टेंबरांत तिच्यावरील पहिलें फॅनझीन 'स्पॉकॅनेलिया' निघालें. त्याच्या संपादिका देव्हरा लँगसॅम व शेर्ना कॉमरफोर्ड. आरंभींच्या काळांत मुलांचें असलेलें हें क्षेत्र आतां स्त्रियांच्या हातीं किती आलें होतें तें ह्यावरून दिसतें. मालिका बंद होणार अशी वार्ता १९६७ च्या अखेरीस उठतांच ब्यो ट्रिंबल व तिचा पति जॉन ह्यांनीं पत्रांची मोहीम उभारली. आणि १ मार्च १९६८ रोजीं मालिका चालूं राहणार असें पडद्यावरच जाहीर झालें. मिळालें तें एकच जादा वर्ष. १९६९ सालीं मालिका संपली.

पत्रें किती आलीं? भक्तांच्या तोंडीं दहा लक्षांचा आंकडा आहे. कंपनीची नोंद सुमारें एक लक्ष पंधरा हजारांची. पानिपतच्या बखरींतील सैन्यसंख्या ज्यांनीं तपासल्या आहेत त्यांस हा प्रकार अपरिचित नाहीं. मोजणाराचा आंकडा व ऐकणाराचा आंकडा ह्यांत नेहमीं असेंच अंतर पडतें. शिवाय मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी ह्याचें ह्या मोहिमेस आंतून साह्य होतें, हेंहि विसरून चालणार नाहीं. तरीहि लहान आंकडासुद्धां थोडा नव्हे. १९२७ च्या सुमारास छापलेल्या पत्त्यांपासून निघालेला ओघ चाळीस वर्षांत येथवर आला.

(७) दप्तरांची गति

आतां मुख्य प्रश्न: हे कागद गेले कोठें? ते प्रथम जपले ते भक्तांनींच. विश्वविद्यालयें त्या काळीं असल्या मासिकांस दारांत उभें करीत नसत. पण खाजगी संग्रहाचें आयुष्य मालकाच्या आयुष्याएवढेंच असतें. ॲकरमननें लॉस एंजेलिस येथील आपलें घर पुस्तकें, मासिकें व चित्रपटांच्या वस्तूंनीं भरून टाकलें होतें. येईल त्यास तो तें हौसेनें दाखवी. म्हातारपणीं आजार व कोर्टाचा खर्च ह्यांपायीं त्यास बराच भाग विकावा लागला. डिसेंबर २००८ मध्यें तो वारल्यावर उरलेल्याचाहि लिलांव झाला. मॉस्कोविट्झ १९९७ सालीं वारला. ज्या सांठ्यावरून त्यानें इतिहास लिहिला तो १९९९ सालीं न्यू यॉर्क येथें सदबीच्या लिलांवांत फुटला. त्याच्या ग्रंथांतील विधानें त्याच्याच प्रतींवरून ताडून पाहण्याची सोय त्याबरोबर गेली.

ह्याच्या उलट उदाहरणेंहि आहेत. कॅलिफोर्नियांतील जे. लॉइड ईटन ह्या डॉक्टराचा सुमारें साडेसात हजार पुस्तकांचा संग्रह रिव्हरसाइड येथील विश्वविद्यालयानें १९६९ सालीं घेतला. पुढें टेरी कार, ब्रूस पेल्झ, फ्रेड पॅटन अशा भक्तांचे संग्रह त्यास मिळत गेले. ज्यूडिथ मेरिल ह्या लेखिकेनें १९७० सालीं आपलीं सुमारें पांच हजार पुस्तकें व मासिकें टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयास दिलीं. त्यांतून तेथील स्वतंत्र विभाग वाढला. रस्टी हेव्हलिन २०११ सालीं वारला. त्याचा संग्रह आयोवा विश्वविद्यालयानें घेतला व २०१५ पासून त्यांतील सुमारें दहा हजार फॅनझीनांचीं छायाचित्रें घेण्याचें काम हातीं धरलें. त्यांतील मजकूर उतरून काढण्याच्या कामीं पुन्हां भक्तांचाच हातभार लागला. जे संग्रह वांचले व जे फुटले त्यांत मालकांच्या प्रेमांत भेद नव्हता. भेद पडला तो संग्रह एकत्र घेणारी संस्था वेळेवर मिळाली कीं नाहीं, एवढ्यांतच.

(८) उपसंहार

आपल्याकडे १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तोंवर घरोघरचे रुमाल ही रद्दी समजली जात होती. आज रद्दी समजला जाणारा कागद निराळा आहे. मराठींतहि विज्ञानकथेचा वाचकवर्ग जुना व निष्ठावंत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेस डॉ. जयंत नारळीकरांनीं 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' ह्या नांवानें पाठविली. अक्षर ओळखूं नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. आणि तिला पहिलें बक्षीस मिळालें. लेखकानें हें स्वतः सांगितलें नसतें, तर केवळ हस्ताक्षरावरून व नांवावरून पुढचा संशोधक कोणत्या निर्णयास पोंचला असता, ह्याचा विचार हस्तलिखितांच्या जाणकारांनीं करावा.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. विज्ञानकथांचे जुने अंक बांधतांना वाचकांच्या पत्रव्यवहाराचीं व जाहिरातींचीं पानें फाडूं नयेत. पत्राबरोबर पाकीट ठेवावें, कारण टपालाचा शिक्का ही स्वतंत्र तारीख होय. टोपणनांव ठाऊक असेल तर तें कोणी व केव्हां सांगितलें तें टिपून ठेवावें. एकत्र मिळालेले कागद एकत्रच राहूं द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, यादी स्वतःच्या हयातींत करून तिची एक नकल कोणत्या तरी संस्थेंत ठेवावी. न्यूअर्कच्या मॉस्कोविट्झला ज्या कागदांवरून जुनीं भांडणें जिवंत करतां आलीं, ते कागद त्याच्यामागें दोन वर्षांत पांगले. दप्तर जमविणारास जो आनंद मिळतो तो त्याचा. पण दप्तर लावून ठेवणारानें पुढच्यांचा हक्क राखलेला असतो.